बंडगार्डनच्या काठावरून शहराचा फोटो काढताना

थंडीतली पुण्याची सकाळ फोटोसाठी फसवी. गार हवा नदीपात्रात बसून राहते, धूर-धूळ तिच्यात अडकते आणि लांबच्या इमारती राखाडी दिसतात. उन्हं चढली की हवा मोकळी होते, म्हणून संध्याकाळीच जा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. खरी मजा पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत, आभाळ गर्द निळं आणि खिडक्यांत दिवे. (नेमके तेव्हाच बरेच जण भेळेकडे वळतात!) ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र मध्यम), शटर पाच-दहा सेकंद उघडं, टायमर दोन सेकंदांचा, म्हणजे बोटाचा हादरा लागत नाही. शटर इतका वेळ उघडं राहिलं की पाण्यावरची थरथर पुसली जाते, दिव्यांचे लांब उभे पट्टे उरतात. रहदारीच्या पुलावर ट्रायपॉड नको, बस गेली की सगळं हादरतं. मोबाइल असेल तर स्क्रीनवर दिव्यावर बोट दाबून धरा, उजेड थोडा उतरवा.