शिनॉनची बाटली घेताना आधी माती बघा

शिनॉन ही फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली वाईन, बहुतेक रेडच, 1937 पासून एओसी आहे (म्हणजे ठरलेल्या भागातल्या, ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाईनलाच हे नाव लावता येतं), आणि लेबलवर द्राक्षाचं नाव सहसा नसतंच त्यामुळे पहिल्यांदा घेणारा हमखास गोंधळतो. द्राक्ष काबर्ने फ्रांक. त्यात 10 टक्क्यांपर्यंत काबर्ने सोव्हिन्यों चालतं, पण बरेच जण घालतच नाहीत. आता द्राक्ष एकच, मग एक बाटली हलकीफुलकी आणि दुसरी जीभ आवळून धरणारी, असं का? तर जमिनीमुळे.

व्हिएन नदीच्या काठाला सपाट भागात वाळू आणि गोटे आहेत, पाणी लगेच निचरतं, जमीन लवकर तापते, तिथली वाईन रासबेरीच्या वासाची, मऊ, दोनतीन वर्षांत पिऊन टाकायची. वर उतारावर मात्र तुफो लागतो, म्हणजे फिकट पिवळा मऊ चुनखडी दगड, ल्वारमधले कितीतरी राजवाडे याच दगडाचे, आणि दगड काढून झालेल्या गुहांमध्ये आज वाईन मुरत पडलेली असते. हा दगड पाणी धरून ठेवतो आणि वेलीला थोडंथोडं देत राहतो. इथली वाईन तरुणपणी घट्ट आणि थोडी रुसलेली, पण चांगल्या वर्षाची असेल तर दहा वर्षं आरामात टिकते. शिनॉनच्या किल्ल्याजवळचा क्लो द लेको हा मळा याच जातीतला.

म्हणून दुकानात मागचं लेबल वाचा. ग्राव्हिए (गोटे) किंवा साब्ल (वाळू) दिसलं तर आजच उघडायची, तुफो किंवा कोतो (उतार) दिसलं तर ठेवायची. काहीच लिहिलं नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा, ओकचे पिंप किती महिने वगैरे नंतर.

सिमला मिरचीसारखा वास आला तर बाटली खराब नाही, तो पायराझिनचा वास, म्हणजे द्राक्षातल्याच एका नैसर्गिक रसायनाचा, द्राक्ष कमी पिकलं की जास्त येतो. 2021 सारख्या थंड वर्षात जास्त सापडेल, 2018 च्या उन्हाळी वर्षात कमी. मला तो थोडा असलेला आवडतो, नसला की वाईन कुठलीही वाटते.

गोट्यांवरची 14 डिग्रीला द्या, तुफोवाली 16 ला, आणि ती तरुण असेल तर तासभर आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात, ओता. सोबत तिथलंच सेंत-मोर गोट चीज मस्त जातं. फक्त तुफोवाली फ्रिजमधून थेट ग्लासात नको, गारठली की टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणारा तुरटपणा, कडू लागतं.