कोल्हापुरात आवास योजनेतून घर बांधताना: उताऱ्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

प्रधानमंत्री आवास योजनेचा (शहरी) दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांसाठी लागू आहे. घर बांधायला अडीच लाखांचे अनुदान मिळते हे बहुतेकांना ठाऊक असते. ते एकरकमी मिळत नाही आणि तेवढ्यात घर होत नाही, हे मात्र पाया खणून झाल्यावर कळते. म्हणून अर्ज भरायच्या आधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने उरकून घ्या.

1. घरफाळ्याची पावती बघा

पावती महापालिकेची असेल तर शहरी योजना, ग्रामपंचायतीची असेल तर साधारणपणे ग्रामीण. ग्रामीण योजनेत सपाट भागासाठी मूळ अनुदान 1 लाख 20 हजार आणि घर किमान 25 चौरस मीटरचे. गोंधळ होतो तो पाचगाव, उचगावसारख्या शहराला चिकटलेल्या गावांत. शहरी योजना अधिसूचित नियोजन क्षेत्रालाही लागू होते आणि ग्रामीण योजनेची यादीही त्याच ग्रामपंचायतीत असते. त्या यादीत आपले नाव आहे का, ते आधी विचारून घ्या. दोन्हीकडे अर्ज करून ठेवू, कुठेतरी लागेल, हा हिशेब अंगलट येतो.

2. पात्रता

स्वतःच्या जागेवर बांधायचे असेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत हवे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे आणि मागच्या 20 वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. वडिलांच्या पक्क्या घरात राहणारा विवाहित मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो. त्यामुळे 'वडिलांचे घर आहे' म्हणून आपणच आपला अर्ज बाद करू नये. नवे घर घरातल्या बाईच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर होते.

3. जागेचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पेठांतल्या घराचे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढले की त्यावर अनेकदा आजोबांचे नाव निघते. मग नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करायची, आणि भाऊ-बहिणी सहहिस्सेदार असतील तर त्यांची लेखी संमती घ्यायची. घरात कुणाशी बोलणे बंद असेल तर या कामाला दोन-चार महिने धराच. अर्ज त्यानंतर.

उपनगरात अडचण वेगळी. एक-दोन गुंठे नोटरीच्या कागदावर घेतलेले असतात, सातबाऱ्यावर मात्र मूळ शेतकऱ्याचेच नाव राहते. अशा नोटरीने मालकी सिद्ध होत नाही. जागा गुंठेवारीत (गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेले विनापरवाना प्लॉट कायदेशीर करून घेण्याची प्रक्रिया) नियमित होते का, हे महापालिकेत आधी विचारा. झोपडपट्टीत राहत असाल तर जमीन कोणाची आणि पट्टा, म्हणजे त्या जागेच्या हक्काचा सरकारी कागद, मिळाला आहे का, यावर सगळे अवलंबून. पट्टा नसेल तर स्वतः बांधण्याचा नाद सोडून प्रकल्पातल्या घरासाठी (मुद्दा 7) अर्ज करणे शहाणपणाचे.

4. पूररेषा तपासा

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी, हे इथल्या पोरांनाही पाठ असते. बांधकाम परवान्यासाठी मात्र बघतात ती नकाशावरची पूररेषा: निळी नेहमीच्या मोठ्या पुराची, लाल त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जागा असेल तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर घ्यावे लागते. जागा सखल असेल तर भरावाचाच खर्च मोठा होतो. नगररचना विभागात नकाशावर आपला सर्व्हे नंबर दाखवून घ्या, शेजाऱ्याने बांधले आहे एवढ्यावर जाऊ नका.

5. अर्ज

योजनेच्या पोर्टलवर स्वतः करता येतो किंवा महापालिकेच्या आवास योजना कक्षातून. सोबत लागते ते: कुटुंबातल्या सर्वांचे आधार, मोबाईल आधारला जोडलेला, बँक पासबुक, जागेचा कागद आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला. दाखल्यावर एकट्या अर्जदाराचे नव्हे, कुटुंबाचे उत्पन्न हवे.

एक बारीक गोष्ट. पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडले, त्यात. मध्येच कधी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल आणि तिथे आधार जोडला गेला असेल, तर हप्ता त्या खात्यात जाऊन पडतो आणि माणूस महिनाभर जुन्याच बँकेत चकरा मारतो. कोणते खाते जोडले आहे ते बँकेत विचारून घ्या. आधार, पासबुक आणि उतारा यांवरच्या नावांतला फरकही अर्जाच्या आधीच दुरुस्त करा.

6. पैशाचा मेळ

घराचे चटई क्षेत्र (भिंती सोडून आतली जागा) 30 ते 45 चौरस मीटर, म्हणजे 323 ते 484 चौरस फूट लागते. लहानात लहान घर धरले तरी भिंतींसह बांधकाम 380 फुटांच्या आसपास जाते. उदाहरणादाखल फुटाला 1,800 रुपये दर धरा: 6 लाख 84 हजार. अनुदान अडीच लाख, त्यात केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. उरलेले 4 लाख 34 हजार तुमचे. गवंड्याच्या ठोकताळ्याने एवढ्या आरसीसी कामाला दीडशेच्या वर सिमेंटची पोती आणि सव्वा ते दीड टन सळी लागते.

केंद्राचा वाटा 40, 40 आणि 20 टक्के असा निघतो: 60 हजार, 60 हजार, 30 हजार. पाया, लिंटल, स्लॅब अशा टप्प्यांचे जागेवर जाऊन जिओ-टॅग फोटो (ठिकाणाची नोंद असलेले) काढले जातात आणि काम पुढे सरकल्याचे दिसल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. पैसा कामाच्या मागून येतो, म्हणून काम अडते ते नेमके स्लॅबच्या तोंडावर: सळी, सिमेंट, सेंट्रिंग सगळे एकदम लागते आणि हाताशी काही नसते. स्लॅबचे पैसे आधी बाजूला काढा, मगच पाया खणा. पतसंस्थेचे कर्ज घ्यायचे असेल तर ते पाया खणण्याआधी मंजूर असावे. अर्धवट कामावर घाईने घेतलेले कर्ज महागात पडते.

दुसरी चूक म्हणजे मंजुरीपेक्षा मोठे घर काढणे. पाया भरताना 'आणखी एक खोली टाकूया' म्हटले की क्षेत्र 45 चौरस मीटरच्या वर जाते आणि पुढची तपासणी अडते. वर मजला चढवायचा विचार असेल तर इंजिनिअरला पायाच्या आधी सांगा.

7. स्वतःची जागा नसेल तर

सरकारी किंवा खासगी संस्थांच्या भागीदारीतल्या प्रकल्पात घर घेता येते, अनुदान तेवढेच. किंवा गृहकर्जावर व्याज सवलत: वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत. पहिल्या 8 लाखांवर 12 वर्षांपर्यंत 4 टक्के सवलत, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. कर्जाचा हप्ता बसवताना सवलत धरू नका, बँक सुरुवातीला पूर्ण हप्ताच कापते.

8. शेवटचा हप्ता

दारे, खिडक्या, संडास आणि नळ-वीज झाल्याशिवाय घर पूर्ण धरत नाहीत. गिलावा उरला म्हणून 30 हजार अडकल्याची उदाहरणे पुष्कळ. पूर्ण घराचा फोटो चढला की घरफाळा विभागात नवी नोंद त्याच आठवड्यात करून घ्या आणि त्यावर नाव मंजुरीपत्रात आहे तसेच लागले आहे का ते तिथेच उभे राहून वाचा.