परदेशात बिझनेस नेताय? ब्रँड आणि पेटंटच्या बाबतीत या चुका टाळा

आपल्या देशात ट्रेडमार्क रजिस्टर आहे म्हणजे जगभर नाव आपलंच, हा समज सगळ्यात जास्त नडतो. ट्रेडमार्क, पेटंट, डिझाइन (म्हणजे वस्तूचं दिसणं) हे हक्क ज्या त्या देशापुरतेच असतात आणि चीनसारख्या देशात तर आधी वापरलं कोणी यापेक्षा आधी अर्ज कोणी केला हे बघतात. ॲपलने आयपॅडचं नाव विकत घेतलं होतं, पण चीनमधलं रजिस्ट्रेशन प्रोव्ह्यू नावाच्या कंपनीकडेच राहिलं होतं, शेवटी २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवावा लागला. लहान कंपनी एवढे पैसे आणणार कुठून? म्हणून माझं एकच म्हणणं आहे, आधी अर्ज, मग बोलणी.

हे उलटं कुठे होतं, तर डिस्ट्रिब्युटरच्या बाबतीत. तो म्हणतो तुमचं नाव मी इकडे रजिस्टर करून टाकतो, तुम्ही कशाला धावपळ करता, आणि आपल्याला बरंच वाटतं. पण मग नाव त्याच्या मालकीचं होतं आणि उद्या बिनसलं की आपलाच माल आपल्याच नावाने तिथे विकता येत नाही! अर्ज आपल्याच नावाने करा, फी त्याने भरली तरी. ॲग्रीमेंटमध्येही लिहून घ्या की त्याला फक्त वापरायचं लायसन्स आहे आणि करार संपला की तेही संपलं.

समजा त्याने आधीच केलंय, तर घाबरून लगेच पैसे देऊ नका. एजंटने मालकाला न विचारता नाव रजिस्टर केलं तर ते रद्द करून मागायची सोय पॅरिस करारात (हवामानाचा नाही, ट्रेडमार्क-पेटंटबद्दलचा जुना आंतरराष्ट्रीय करार) आहे, त्यासाठी जुने ईमेल, इनव्हॉइस, शिपिंगचे कागद जपून ठेवा. नाव भलत्याच कोणी अडवून ठेवलंय आणि वापरतच नाही, तर चीनमध्ये सलग ३ वर्षं आणि युरोपियन युनियनमध्ये ५ वर्षं वापर नसल्यावर ते रद्द करायला अर्ज करता येतो. (हाच नियम आपल्यालाही लागू होतो, त्यामुळे विक्रीचे पुरावे देशवार ठेवा.)

तारखांचंही तसंच. पहिला अर्ज केल्यापासून ट्रेडमार्क आणि डिझाइनला ६ महिने, पेटंटला १२ महिने, एवढ्यात बाहेर अर्ज केला तर पहिलीच तारीख धरतात. पेटंटमध्ये मात्र अर्जाआधी प्रदर्शनात डेमो दिला, वेबसाइटवर व्हिडिओ टाकला की युरोपात जवळपास खेळ खलास, अमेरिकेत १ वर्षाची सवलत मिळते पण तिच्या भरवशावर राहू नका. आणि इंटरनॅशनल पेटंट नावाची गोष्टच नाही, पीसीटी (पेटंटसाठीचा आंतरराष्ट्रीय करार) खाली केलेल्या अर्जाने फक्त वेळ मिळतो, साधारण ३० महिने, पुढे प्रत्येक देशात वेगळी फी आणि वेगळी तपासणी.

ट्रेडमार्कसाठी मॅड्रिड सिस्टिम नावाची आंतरराष्ट्रीय सोय आहे, तिच्यातून एका अर्जात बरेच देश होतात, स्वस्तही पडतं, पण पहिली ५ वर्षं सगळं मूळ देशातल्या अर्जावर टांगलेलं असतं, तो पडला तर बाकीचेही पडतात, मग ३ महिन्यांत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून मूळ तारीख वाचवता येते.

लोगो फ्रीलान्सरकडून करून घेतलाय? बिल भरलं म्हणजे कॉपीराइट आपल्याकडे आला असं बऱ्याच देशांत होत नाही, लेखी असाइनमेंट (हक्क आपल्या नावावर करून देणारा कागद) आत्ताच सही करून घ्या, नंतर तो माणूस फोन उचलेलच असं नाही.