किशोरवयीन मुलांशी लैंगिकतेविषयी कसे बोलावे

पुण्यातल्या बाणेर किंवा ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सुखवस्तू सोसायट्यांत मुलांना स्वतंत्र खोली आणि मोबाइल मिळतो. शरीराविषयीचे प्रश्न मात्र ती इंटरनेटलाच विचारतात, आणि ‘आपल्या घरात असे होत नाही’ हा पालकांचा समज मला सर्वांत घातक वाटतो. पहिली पाळी येण्याआधीच बोलायला सुरुवात करावी. अवघड वाटल्यास क्लासला सोडताना गाडीत बोलावे. नजर रस्त्यावर असली की दोघांचाही संकोच कमी होतो. मुलग्यांनाही संमती आणि निरोध यांविषयी तितकेच स्पष्ट सांगावे.

पाळी चुकल्याचे मुलीने सांगितले, तर आधी तिला जवळ घ्यावे, चौकशी नंतर करावी. गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून देऊ नयेत. तिला लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे, कारण २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या गर्भपात कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते, तर अल्पवयीन मुलीसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. पालकांची लेखी संमती लागते. अठरा वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास त्यात तिची ओळख उघड करण्याची गरज नसते.