टाइपस्क्रिप्टमध्ये फंक्शन्सच्या टपलवरून निकालांचा टपल कसा मिळवावा

एका टपलमध्ये, म्हणजे लांबी आणि प्रत्येक जागेचा टाइप ठरलेल्या यादीत, आर्ग्युमेंट न घेणारी तीन फंक्शन्स आहेत. पहिले नंबर परत करते, दुसरे स्ट्रिंग आणि तिसरे बूलियन. ती ओळीने चालवल्यावर निकालांचा टाइपही त्याच क्रमाचा टपल असावा, ही अपेक्षा रास्त आहे. प्रत्यक्षात अ‍ॅरेची मॅप मेथड वापरली की तिन्ही टाइप्सची सरमिसळ होऊन युनियनचा (‘यांपैकी कोणताही एक’ अशा टाइपचा) अ‍ॅरे हाती येतो आणि कोणत्या जागी काय होते, हे कंपायलरला सांगता येत नाही.

प्रथम ‘टी’ हा टाइप पॅरामीटर (नंतर भरायच्या टाइपची जागा) घेणारा टाइप अलायस, म्हणजे टाइपला दिलेले नाव, लिहावा आणि टी हा फंक्शन्सचा रीडओन्ली अ‍ॅरे असलाच पाहिजे, अशी अट एक्स्टेंड्सने घालावी. अटीतील आर्ग्युमेंट्सना ‘अननोन’ (टाइप माहीत नाही) देण्याचा मोह टाळून ‘एनी’ (कोणताही टाइप चालेल, तपासणी नाही) द्यावे. पुढेमागे नंबर मागणारे फंक्शन आले, तर स्ट्रिक्ट मोडमध्ये (कडक तपासणीच्या सेटिंगमध्ये) ते अननोनच्या अटीत बसत नाही.

त्यानंतर अलायसमध्ये ‘के इन कीऑफ टी’ असा मॅप्ड टाइप, म्हणजे टीच्या प्रत्येक जागेवरून फिरून नवा टाइप बनवणारा टाइप, लिहावा. प्रत्येक जागेवरचा टाइप फंक्शन असेल तर त्याच्या निकालाचा टाइप ‘इन्फर’ने उचलावा, नसेल तर ‘नेव्हर’ (ज्यात कोणतीच किंमत बसत नाही असा टाइप) द्यावा.

खरी मेख कीऑफपुढे काय लिहिले यात आहे. 2018 मधील टाइपस्क्रिप्टच्या 3.1 आवृत्तीपासून मॅप्ड टाइप टपलची लांबी आणि क्रम जपतो, पण तो टाइप पॅरामीटरवर फिरत असेल तरच. कीऑफपुढे थेट ठरावीक टपल लिहिला, तर यादीच्या स्वतःच्या लेंग्थ आणि पुश या प्रॉपर्टीजसुद्धा मॅप होतात: लेंग्थ हे फंक्शन नसल्याने तिथे नेव्हर येते, पुशच्या जागी नंबर येतो आणि टपलऐवजी एक विचित्र ऑब्जेक्ट टाइप उरतो. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही, म्हणून ही चूक शोधण्यात बराच वेळ जातो.

आता फंक्शन्स चालवणारे जेनेरिक (टी हा टाइप पॅरामीटर घेणारे) फंक्शन लिहावे. त्याने टी हा रेस्ट पॅरामीटर (तीन टिंबांनी सगळी आर्ग्युमेंट्स एकत्र गोळा करणारा) म्हणून घेतला की टाइप आपोआप टपल म्हणून ओळखला जातो. फंक्शन्स आधीच व्हेरिएबलमध्ये ठेवायची असतील, तर तिथे ‘अ‍ॅज कॉन्स्ट’ लावावे, म्हणजे तो साधा अ‍ॅरे न राहता टपल म्हणून ओळखला जातो. आतमध्ये मॅपचा निकाल आपल्या अलायसमध्ये ‘अ‍ॅज’ने बदलून घ्यावा लागतो. या एका ओळीची खातरजमा कंपायलर करत नाही, तेव्हा हे फंक्शन जितके छोटे तितके बरे.

शेवटी तपासणीसाठी निकालातील इंडेक्स 1 वर, म्हणजे दुसऱ्या जागेवरच्या स्ट्रिंगवर (मोजणी 0 पासून), टोअपरकेस वापरून पाहावे, ते विनातक्रार चालेल. इंडेक्स 3, म्हणजे नसलेली चौथी जागा, मागितल्यावर मात्र कंपायलरने एरर दिलीच पाहिजे.