जुन्या तीनचाकी एटीसीचे पुढचे फोर्क बदलताना

दुचाकीसारखे हँडल आणि फुग्यासारखे तीन टायर असलेल्या जुन्या ऑफ-रोड गाड्यांची, म्हणजे एटीसींची, अमेरिकेतील नवी विक्री १९८८ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर बंद झाली. त्यामुळे आज हाती येणारे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे आणि आत स्प्रिंग व तेल असलेले दोन पाय, बहुधा जुनेच असतात आणि जोडी बसवण्याआधी ती पारखून घ्यावी लागते.

आतल्या नळीच्या क्रोमवरून नख हळूच फिरवावे. नख अडकले तर तिथे गंजाने खड्डा पडला आहे असे समजावे. अशा नळीवर नवे सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, टाकले तरी खड्ड्याची धार त्याची कड कापते आणि तेल पुन्हा गळू लागते. नंतर नळी जाड सपाट काचेवर लोळवून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. काचेवर फक्त ठळक बाक कळतो. नेमके माप डायल गेजनेच (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) घ्यावे लागते आणि त्याची मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी. वाकलेली नळी सरळ करून वापरण्याचा मोह मी टाळतो.

गाडी इंजिनाखाली भक्कम टेकू देऊन पुढचे चाक अधांतरी होईल इतकी उचलावी. फोर्कमध्ये हवा भरण्याचा व्हॉल्व्ह असेल तर आधी सगळी हवा सोडावी. त्यानंतर नळ्यांना हँडलखाली धरणाऱ्या दोन क्लॅम्पपैकी वरच्याचा बोल्ट ढिला करून फोर्कचे टोपण फक्त अर्धा आटा सैल करावे, कारण खालचा क्लॅम्प नळी धरून असेपर्यंतच हे सहज जमते. एकदा ही पायरी विसरल्यामुळे सुटी नळी कापडात गुंडाळून वाइसमध्ये धरण्याची वेळ माझ्यावर आली होती.

चाक काढून ब्रेकचा कॅलिपर होजवर न लोंबवता तारेने बांधावा. मग खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून नळी फिरवत खाली ओढावी. ती निघत नसेल तर क्लॅम्पची फट स्क्रूड्रायव्हरने किंचित उघडावी, हातोडा मात्र वापरू नये. फोर्क निघालेले असतानाच हँडल डावी-उजवीकडे सावकाश वळवून पाहावे. मध्ये खाच लागल्यासारखे वाटले तर हँडल ज्यावर वळते ती बेअरिंगही याच वेळी बदलावी.

नव्या जोडीत तेल मोजताना स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला असावा. नळी काही वेळा वरखाली करून हवा काढावी, तेल स्थिरावू द्यावे आणि नळीच्या काठापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे असणे महत्त्वाचे आहे, कारण ते असमान असेल तर दाबताना एक पाय दुसऱ्याआधी कडक होतो.

बसवताना दोन्ही नळ्या क्लॅम्पमधून सारख्याच वर आलेल्या असाव्यात. आधी खालचा क्लॅम्प, मग टोपण आणि शेवटी वरचा क्लॅम्प टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावा. एक्सल घातल्यावर त्याचा क्लॅम्प लगेच आवळू नये. गाडी जमिनीवर ठेवून पुढचा भाग चार-पाचदा दाबावा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या रेषेत येतात, आणि त्यानंतरच तो आवळावा. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवताना ब्रेकची होज किंवा केबल ताणली जात नाही ना, हे चाचणीला निघण्याआधी पाहून घ्यावे.