मुळशी-मावळात जमिनीसकट छोटं घर घेताय? या चुका टाळा

ऑगस्टमध्ये ताम्हिणीला जाऊन आलेला प्रत्येक पुणेकर परतताना मनातल्या मनात एक एकर विकत घेऊन येतो. आम्ही तो खरोखरच घेतला. पवन मावळात दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे ओसरी, मागे चढती वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, आणि खाली तीन भातखाचरं. हौस फिटली, आणि चुकाही यथासांग करून झाल्या. आता मित्रमंडळी जमीन बघायला निघाली की आधी माझ्याकडे चहाला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

जमीन श्रावणात बघणं

श्रावणात इथला प्रत्येक ओहोळ वाहतो आणि प्रत्येक एजंटाकडे 'बारमाही झरा' असतो. आमचा बारमाही झरा जानेवारीतच आटला. शेजारच्या आबांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, झरा बारमाहीच हाये. फकस्त पाणी बारमाही न्हाई."

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्याच्या बाजूला तो चार हजारांच्या घरात जातो. एवढं पाणी पडूनही एप्रिलमध्ये टँकर का लागतो, याचं उत्तर पायाखाली आहे. हा सगळा काळा कातळ, बेसॉल्ट. पाणी मुरतं ते वरच्या मुरुमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांत. उतार तीव्र, त्यामुळे बाकीचं धावत जाऊन धरणात. तेव्हा 'बोअर मारू की' हे वाक्य फार विश्वासाने बोलू नका. आमची पहिली बोअर तीनशे फुटांवर नुसती धूळ उडवून थांबली, आणि पैसे फुटावर मोजावे लागतात, पाण्यावर नाही.

म्हणून जमीन मे महिन्यात बघा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. शेजारच्या विहिरीत पोहरा सोडा आणि दोर किती हात गेला ते मोजा. आजूबाजूच्या बोअर किती फुटांच्या आहेत, मोटर किती वेळ चालते, हे गड्यांना विचारा. मालकांना नको, मालक शनिवार-रविवारीच येतात. धरण समोर दिसतंय म्हणजे पाणी आपलं, असंही नाही. जलाशयातून पाणी उचलायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते.

आपण शेतकरी आहोत असं गृहीत धरणं

कुळकायद्याच्या, म्हणजे १९४८ च्या अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. 'आजोबांची कराडकडे होती' एवढ्याने भागत नाही. कागद दाखवावा लागतो. तो नसेल तर एजंट 'दाखल्याचं बघतो' म्हणेल. तिथून उठून या. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तोवर एजंटाचा नंबर बदललेला असतो. बिगरशेतकऱ्याने रीतसर मंजूर रेखांकनातला एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घ्यावा. जागा लहान मिळेल, झोप मोठी लागेल.

परदेशी गेलेल्या भाचे-पुतण्यांसाठी एक: अनिवासी भारतीयांना फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांनुसार शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने मिळू शकतं. 'मामाच्या नावावर घेऊ, पैसे मी पाठवतो' या योजनेचं पुढे काय होतं हे मी दोन घरांत पाहिलं आहे. दोन्हीकडे आता भाऊबीज बंद आहे.

सातबाऱ्यावर फक्त नाव आणि क्षेत्र वाचणं

इथे जरा थांबतो, कारण खरी फसगत इथेच होते.

सातबारा हातात आला की लोक मालकाचं नाव बघतात, क्षेत्र बघतात आणि खिशात घालतात. आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल तर पुढे वाचा. वर्ग २ म्हणजे जमिनीवर शासनाचं काही ना काही बंधन आहे: वतन, इनाम, पुनर्वसनात मिळालेली जमीन, काहीही. आपल्या खोऱ्यांत मुळशी, पवना, पानशेत, वरसगाव अशी धरणंच धरणं, त्यामुळे पुनर्वसनाच्या जमिनी आणि हस्तांतरणबंदीच्या नोंदी नेहमी भेटतात.

मग 'इतर हक्क' हा रकाना. बारीक अक्षरात, फेरफारांच्या, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींच्या, क्रमांकांच्या गर्दीत. तिथे 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असं दिसलं, तर ती जमीन विक्रेत्याच्या घराला कुळ म्हणून मिळालेली आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, ३२म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर जमीन महसूल आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. रक्कम क्षुल्लक असते, पण ती खरेदीखताच्या आधी भरायची, नंतर नाही. 'खाजगी वन' असा शेरा असेल तर मात्र चहा पिऊन घरी जा. आणि विक्रेता आदिवासी असेल (मावळ-मुळशीत कातकरी, ठाकर, महादेव कोळी वस्त्या आहेत) तर जमीन महसूल अधिनियमाची कलमं ३६ आणि ३६अ आहेत. मंजुरीशिवाय झालेला व्यवहार उलटू शकतो, आणि उलटलाच पाहिजे असं माझं मत आहे.

मग नावं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच मान्य केला, देशभर तो २००५ ला आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध आहे हे पक्कं केलं. तरी अजून सातबाऱ्यावर तीन भाऊ असतात आणि बहिणी 'दिल्या घरी सुखी' असतात. आमच्या व्यवहारात विक्रेता शपथेवर सांगत होता की बहिणींचं काही म्हणणं नाही. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "मग सह्या करायला या म्हणावं." तीन बहिणी आल्या, पैकी एकीला जमीन विकली जातेय हेच माहीत नव्हतं. व्यवहार सव्वा महिना लांबला, दर थोडा वाढला. तो खर्च मला आजही सगळ्यात स्वस्त वाटतो.

मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, जुने फेरफार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हे तीनही करा. आणि ३० नावांच्या सामाईक सातबाऱ्यातले पाच गुंठे घेऊ नका. तुकडेबंदी कायद्याने २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे लहानात लहान चालणारा तुकडा, बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे आहे. निवासी वापराच्या भागांना २०२५ मध्ये सवलत मिळाली, पण शेती विभागातल्या टेकाडावरच्या तुकड्याला ती लागू आहे असं एजंटाने सांगितलं म्हणून मानू नका.

गाडी आली म्हणजे रस्ता आहे असं समजणं

जमीन दाखवायला नेतात तेव्हा गाडी थेट ओसरीपर्यंत जाते. ज्याच्या खाचराच्या कडेने ती जाते तो त्या दिवशी हसून हात करतो. खरेदीखत झालं, पहिल्या पावसाळ्यानंतर आपण गेलो, की त्याच वाटेवर कुंपणाची तार.

गावनकाशा काढून शिवरस्ता किंवा पाणंद कुठून जाते ते बघा. खाजगी जागेतून वाट असेल तर तिचा नोंदणीकृत लेख करून घ्या आणि ती नोंद इतर हक्कात चढवा. तोंडी शब्द देणारा आबा देवमाणूस असतो. त्याच्या मुलाने पुढे जमीन कुणाला विकावी हे आपल्या हातात नसतं. खोरं वाढतंय, माणकडे मेट्रो येतेय, रिंगरोडसाठी संपादन चालू आहे, त्यामुळे चार फूट बांधालाही भाव आहे. तुमचा गट रिंगरोडच्या आखणीत आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

वाट अडलीच असेल तर दोन दारं आहेत. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुळात रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे, त्यात तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. ती शेतीसाठीची वाट असते. तुमची एसयूव्ही त्यात बसेलच असं नाही.

घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी समजणं

'घर कायदेशीर आहे, हे बघा ग्रामपंचायतीची घरपट्टी.' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. घरपट्टी हा कर आहे. अनधिकृत बांधकामालाही तो लागतो. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ मध्ये आली, तेव्हापासून तिच्या हद्दीत बांधकाम परवानगी तिच्याकडून. मंजूर नकाशा मागा. तो हातात धरून घराभोवती फिरा. आमच्या नकाशात एक खोली आणि पडवी होती, जागेवर दोन खोल्या. दुसरी खोली नियमित करायला पुढे घाम फुटला.

शेतीवर शेतघर बांधायचं तर साधारण ४० आर, म्हणजे जवळजवळ एक एकर, हातात हवं. शिवाय १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. हा नियम मला आधी जाचक वाटायचा. मग २०१४ ला माळीण, २०२३ ला इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आता मित्रांबरोबर जागा बघताना मी घरासमोरचा देखावा बघतच नाही, घरामागचा डोंगर बघतो. ताजे चर, सपाट केलेला कडा, वर कुणाच्या प्लॉटिंगचे जेसीबी दिसले तर नको म्हणतो.

खाचरात पाया घेऊ नका. भातासाठी पाणी धरून ठेवणारी माती घराखालीही पाणी धरून ठेवते.

किरकोळ गोष्टी: वीजजोड कुणाच्या नावावर आणि कोणत्या वर्गातला, शेतीपंपाचा की घरगुती, हे पाहा. शेतजमिनीवरच्या घराला बँका गृहकर्ज द्यायला नाखूश असतात, तेव्हा इसार देण्याआधी बँकेशी बोला.

मोजणी नंतर करू म्हणणं

आम्ही टेप धरून मोजलं होतं आणि ३८ गुंठे भरले म्हणून खूश होतो. सरकारी मोजणी आली तेव्हा वरच्या अंगाचा आंबा शेजाऱ्याच्या गटात निघाला. त्याच आंब्याखाली बसून आम्ही जमीन पसंत केली होती. भूमी अभिलेखची मोजणी करून नकाशाची 'क' प्रत खरेदीच्या आधी घ्या, खर्च विक्रेत्याशी वाटून घ्या. खुणांचे दगड त्याच दिवशी पक्के करा आणि लगतवाल्यांच्या समोर फोटो काढा.

खरेदीनंतर फेरफाराकडे पाठ फिरवू नका. पंधरा दिवसांच्या नोटिशीत हरकत आली तर ती तक्रार म्हणून मंडळ अधिकाऱ्यांपुढे चालते. निकाल विरुद्ध गेला तर प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील, ६० दिवसांत.

घेतल्यावर

पाऊस आडवा येतो. पश्चिमेची भिंत गिलाव्याने वाचत नाही, तिला पडवी किंवा झडप लागते. फेब्रुवारीत, गवत वाळलं की घराभोवती जाळरेषा काढा. वणवा होळीची वाट बघत नाही. जळण घराच्या भिंतीला लावून रचू नका, घोणस तिथेच मुक्काम करते.

पाण्याचं आम्ही अखेर छपरावर निभावलं. सहाशे चौरस फूट छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण साडेपाच हजार लिटर होतात, आणि जुलैत इथे तेवढा पाऊस एका दिवसातही पडतो. पहिल्या दोन सरी सोडून द्यायच्या, मग पन्हळ टाकीकडे वळवायची. टाकी बांधली तेव्हा आबा कडेला उभे राहून बघत होते. म्हणाले, "झाकण घट बसवा साहेब, माकडं लई हायेत." त्या मे महिन्यात आमच्याकडे पाणी होतं आणि झाकण दोनदा माकडांनीच उघडलं.